फ्रिजवरचं लाल वर्तुळ

मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते ते नवरा-बायको इंग्लंडचे. दोह्यात एका भिंतीआड साठेक बंगले आहेत, त्यातला एक त्यांचा, आणि त्याच्या मागच्या अंगाला माझी खोली. साहेब रास लफानला गॅसच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. मॅडम घरी असतात आणि याद्या करतात.

फ्रिजवर मॅडमनी एक मोठं कॅलेंडर लावलं होतं. वर्षाचे बाराही महिने एकाच तावावर, वरून चकचकीत, म्हणजे पेनाने लिहायचं आणि फडक्याने पुसायचं. साहेबांच्या कामाला निळा रंग, पाहुण्यांना लाल, मला हिरवा. हिरव्यात ओव्हन घासणे, पडदे धुणे असलंच असायचं. मी चौथी शिकले, पण इंग्रजी आकडे आणि रंग कळायला तेवढी शाळा पुरते.

त्या जानेवारीत माझ्या मुलीला सहावा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. तिचं माहेर म्हणजे मी. नवरा जाऊन सात वर्षं झाली, घराला कुलूप. मी गावी गेले तरच तिला माहेर, नाहीतर तिने सासरीच पडायचं. मॅडमना हे मोडक्या इंग्रजीत सांगायला मी चार दिवस घेतले. त्या म्हणाल्या, "अर्थात जा. फक्त मार्चची पार्टी होऊन जाऊ दे." आणि २९ मार्चला त्यांनी लाल वर्तुळ केलं, त्याच्यापुढे माझी हिरवी रेघ ओढली. दोन वर्षांची साठलेली सुट्टी होती माझी, हक्काची.

पार्टी कसली, तर त्यांचा देश त्या दिवशी युरोपच्या संघातून बाहेर पडणार होता. तीन वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी मतं टाकून तसं ठरवलं होतं. आमच्या साहेबांनीही इथून मत पाठवलं होतं, बाहेर पडायच्या बाजूने. त्यांचा एक मित्र होता, लाल मानेचा, तो राहायच्या बाजूचा. दोघं दर शुक्रवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर भांडायचे. ज्या घरातून बाहेर पडायचं त्या घरात दोघांपैकी कुणीच राहत नव्हतं. साहेब पंधरा वर्षं आखातात, मित्र अठरा वर्षं. तरी भाजलेल्या मांसावर सुरी चालवताना त्यांचा आव असा, की देश यांच्या परवानगीसाठी दारात ताटकळला आहे.

मी मार्चच्या सुरुवातीला एक चूक केली. आमच्याकडे मूल होण्याआधी त्याचं काही करून ठेवत नाहीत. टोपडंसुद्धा शिवत नाहीत. मला हे माहीत होतं. पण गावी गेल्यावर घर उघडायचं, सारवायचं, पाणी भरायचं, एवढ्यात लाडू कधी करणार, असं मनात आलं. बिन महमूद भागातल्या आपल्या लोकांच्या दुकानातून डिंक, खारीक, सुकं खोबरं आणलं आणि डब्बाभर डिंकाचे लाडू करून वरच्या फळीवर ठेवले. बाळंतिणीचे लाडू, अडीच हजार किलोमीटर अलीकडे, बाळ व्हायच्या दोन महिने आधी. माझ्या आईने पाहिलं असतं तर डब्बा माझ्या डोक्यात घातला असता.

पार्टीला आठ दिवस उरले आणि तिकडून बातमी आली की २९ ला नाही, १२ एप्रिलला. मॅडमनी फडकं घेतलं, लाल वर्तुळ पुसून पुढे काढलं. मग हिरवी रेघ पुसली आणि तीही पुढे काढली. मला काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्यांना सुचलं नाही, आणि बोलायचं असतं हे मला सुचलं तरी तोंड उघडलं नाही.

पाहुण्यांना मात्र आमंत्रण गेलेलं, म्हणून २९ ला ते आलेच. आनंद करायचा बेत होता, तर त्याच जागी बसून संताप केला. साहेब म्हणाले, "तारीख दिली होती त्यांनी. तारीख म्हणजे तारीख." मला हसू आलं. इथल्या कुठल्या कचेरीत काम अडलं आणि समोरचा माणूस इन्शाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं म्हणाला की साहेब घरी येऊन त्याची नक्कल करायचे. दोन्ही हात वर, डोळे छताकडे. "या देशात तारखेला काही होत नाही," म्हणायचे. आता त्यांच्या स्वतःच्या देशातली शहाणीसुरती माणसं, कोट घालून, टीव्हीवर दिवसभर ओरडत होती आणि त्यांना दाराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. त्याची नक्कल कुणी केली नाही.

कॉफीबरोबर काहीतरी गोड हवं म्हणून मॅडमनी वरचा डब्बा काढला. मी भांडी घासत होते. बाहेर आले तेव्हा लाल मानेच्या पाहुण्याच्या हातात चौथा लाडू होता. तो म्हणाला, "हे ताकदीचे गोळे फार चांगले आहेत. कशाचे?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डेट्स." आणि आत गेले.

स्वयंपाकघरात साहेबांचा ड्रायव्हर जेवत होता. साताऱ्याकडचा आहे, मला मावशी म्हणतो. त्याने दारातून सगळं पाहिलं होतं.

"मावशी, बाळंतिणीचे लाडू खाल्ले की वो त्यांनी."

"खाऊ दे."

"आता कंबर भरून येईल एकेकाची. पाचवी कधी पुजायची?"

"जेव गप."

"न्हाई, म्हंजे तीन वर्षं कळा देतंय इंग्लंड, अजून सुटका न्हाई. लाडू लागणारच."

त्या दिवशी मी त्याला जास्तीचा रस्सा वाढला.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आई, सासूबाई विचारतात, तुझी आई येणार आहे का इंग्रजांचंच बाळंतपण करणार आहे? नक्की सांग. नाहीतर त्या म्हणतात, इथेच राहा, घरकामाला तेवढेच दोन हात." ती हसत सांगत होती. मुलगी माझी आहे, तिचं कुठलं हसू कसलं ते मला कळतं. तिची सासू दहाव्या दिवशी तिला विहिरीवर पाठवेल हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी म्हटलं, "बारा तारीख झाली की निघते." ती म्हणाली, "मागच्या वेळी एकोणतीस म्हणालीस." साहेब जसे त्या कोटवाल्यांवर चिडले होते, तशी ती माझ्यावर चिडू शकली असती. चिडली नाही, फोन ठेवते म्हणाली.

१२ एप्रिलच्या शुक्रवारी पाहुणे पुन्हा आले. दोन दिवस आधीच ठरलं होतं की आता ऑक्टोबरअखेर. मी वाढत होते. साहेब आणि मित्र जन्मात पहिल्यांदा एका बाजूचे झाले होते. बाहेर जा म्हणणारा चिडलेला, आत राहा म्हणणाराही चिडलेला, आणि ताटं दोघांचीही रिकामी.

"माणसं अडकून पडली आहेत," मॅडम म्हणाल्या. "कुणाला काही ठरवता येत नाही. सगळं आयुष्य लटकलेलं."

"हा अपमान आहे," मित्र म्हणाला. "बटाटे आहेत का अजून?"

मी त्याला बटाटे वाढले. आमच्याकडे उंबऱ्यावर कुणी उभं राहिलं की म्हातारी माणसं ओरडतात, आत ये नाहीतर बाहेर जा, मध्ये उभं राहू नये. हे सबंध राष्ट्र चपला घालून उंबऱ्यावर उभं होतं आणि त्याचं कौतुक असं, की मी त्याच्या पायाशी थांबायचं.

मी ताटं आत नेली. फ्रिजसमोर मॅडम फडकं घेऊन उभ्या होत्या. लाल वर्तुळ ऑक्टोबरच्या शेवटच्या तारखेवर गेलं. मग त्यांनी हिरवं पेन उचललं आणि सवयीने, जेवणाचा शेवटचा घास घ्यावा तशी, माझी रेघ नोव्हेंबरात ओढली. मुलीचे दिवस मेच्या मध्याला भरत होते. पेन ठेवून त्या बाहेर गेल्या.

मला बोलता आलं नसतं. हिंदी त्यांना येत नाही, माझं इंग्रजी ऐकून कळण्यापुरतं, बोलायचं तर भाजी-मांसापुरतं, आणि आलं असतं तरी माझं तोंड उघडलं नसतं. मी फडकं घेतलं. नोव्हेंबर पुसला. एप्रिलमधल्या पुढच्या मंगळवारच्या चौकोनात हिरव्या पेनाने मराठीत लिहिलं, 'मी जाणार. पोरगी बाळंतपणाला येणार.' चौकोन लहान होता, अक्षरं बुधवारात गेली.

मॅडम परत आल्या, कॅलेंडरजवळ वाकल्या. मग ड्रायव्हरला हाक मारली, "हे काय लिहिलंय?" तो हात पुसत आला. त्याने वाचलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "मंगळवारी जाते म्हणते, मॅडम. मुलीचं बाळंतपण."

"पण पार्टी?"

"पार्टी ऑक्टोबरात आहे, मॅडम."

साहेब दारात आले होते. ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "चला, कुणीतरी एकजण तरी बाहेर पडतंय." पाहुण्यांना हा विनोद फार आवडला. मी त्यांच्या बशा उचलत राहिले.

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं, आणि सारखं म्हणत होत्या की आधी सांगायचं नाही का. जानेवारीत सांगितलं होतं. त्यांनीच हिरव्या रंगात लिहिलं होतं. पण हे खरं की त्यानंतर दोन वेळा माझी रेघ माझ्यासमोर पुसली गेली आणि मी फडकं धुऊन वाळत घातलं. त्या कोटवाल्यांना हसायचा हक्क मला फारसा नाही. तरी मी हसते.

मंगळवारी निघताना साहेब आणि मॅडम दोघं दारात आले. मॅडमनी विचारलं, "ऑक्टोबरपर्यंत परत येशील ना? नक्की?"

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

हात वर केले नाहीत, छताकडेही पाहिलं नाही. साहेबांचं तोंड जरा उघडं राहिलं. ड्रायव्हर खाली वाकून माझी बॅग गाडीत ठेवत होता, बराच वेळ ठेवत होता.

पुढच्या रविवारी गावच्या घरी मुलगी आली. सासू सोडायला आली नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकायला म्हणून तिला उंबऱ्याबाहेर थांबवली, पायावर पाणी घातलं, आणि म्हटलं, आत ये. ती आत आल्या आल्या विचारते, "आई, लाडूंचा डब्बा कुठाय? फोनवर म्हणालेलीस."

"इंग्रजांनी खाल्ले," मी सांगितलं. "तुझे, बाळ झाल्यावर करू."