दोन्ही हातांनी कठडा

कोर्टाच्या पाच पायऱ्या चढण्याआधी आबा कागदांची पिशवी गळ्यात अडकवत आणि दोन्ही हातांनी कठडा धरत. बारामतीत कोर्टाच्या बातम्या करताना मी हे तीन वर्षं पाहिलं. तुम्हीही हसला असता. मीही हसलो होतो.

साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. "माझ्या काट्यावरनं पावतीबिगर एक गाडी हालली न्हाय," हे पहिल्याच भेटीत ऐकवत. आणि ह्याच माणसानं घराचा खालचा मजला एका ओळीच्या कराराशिवाय भाड्यानं दिला. भाडेकरू निरवांगीचा, बायकोच्या माहेरचा. "माहेरच्या माणसाला कागद मागायचा व्हय? हिला काय वाटलं असतं?"

वर्षानं त्यांनी जागा मोकळी करायला सांगितली. तेव्हापासून भाडेकरू जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागला. आबा वरून उतरू लागले की म्हणायचा, "आबा, जिना निसरडा हाय. या वयात पडलं की संपलं."

पोलिसांत त्यांनी हे शब्द जसेच्या तसे लिहून दिले. हवालदारानं दोनदा वाचले. "आबा, ह्यो तर तुमची काळजी करतोय." अदखलपात्र म्हणून नोंद झाली.

वकिलांनी मार्ग सांगितले: प्रत्येक धमकीची लेखी तक्रार, नोटीस, मग ताब्याचा दावा. "आणि पाणी, वीज तोडायची नाही. तोडलीत तर तुम्हीच अडकाल."

"म्हंजी त्यानं मला पाडायचं आन् मी त्याला पाणी पाजायचं?"

"निकालापर्यंत."

रोज सकाळी ते उतरत, खुर्चीला वळसा घालून पाण्याची मोटार चालू करत आणि वर जात. मुलगी बावड्याला दिलेली. नातवाच्या बारशालाही गेले नाहीत. "घर सोडलं तर वरचा मजलाबी जाईल."

एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. उतरताना खुर्चीतून आवाज आला, "पत्रकारसाहेब, जपून." माझाही हात कठड्यावर गेला. त्यानंतर मी हसलो नाही.

मागच्या तारखेला ते आले नाहीत. झोपेत गेले होते. जिन्यावरून नव्हे, मी आधी तेच विचारलं. दाव्यात वारस म्हणून नाव लावायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. भाडेकरू सांत्वनाला वर येऊन गेला होता.

"काय म्हणाला?"

"म्हणला, आक्का, आता तुमी एकट्याच. जिना निसरडा हाय."

वकिलांनी कोर्टाच्या पायऱ्यांवरून हाक मारली. आक्कांनी पिशवी गळ्यात अडकवली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.