दुसऱ्यांदा सही करताना

कुपवाडच्या कारखान्यात ग्राइंडरचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा माझ्या तोंडावर बसला. खालच्या जबड्याचा उजवीकडे चुरा झाला, ओठ फाटला. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पायाचं हाड काढून जबडा बांधला, पण लावलेला भाग चौथ्या दिवशी काळा पडला. तो काढून आता दुसऱ्या पायाचं हाड लावावं लागणार होतं. मी दर गुरुवारी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणारा माणूस. बोलता येत नव्हतं म्हणून बायकोला पाटीवर लिहून दिलं, "आता नको. ज्याची एवढी सेवा केली, त्यानंच पाठ फिरवली."  ती नुसती पाटी पुसत राहिली.

त्याच दुपारी वडूजकडची एक मेंढपाळ म्हातारी चुकून आमच्या खोलीत शिरली. नवऱ्याला तपासणीसाठी आणलं होतं. माझं बांधलेलं तोंड बघून ती थबकली, बाहेर गेली आणि नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन आली.

"हात लावून बघ रं लेकरा," ती म्हणाली. "ह्यांचा जबडा रानडुकरानं फोडला हुता. पयलं आपरेशन वाया गेलं, दुसरं लागलं. आता लय बडबडत्यात."

म्हातारा वाकडं हसला. "हिच्याम्होरं कवा बोलाय मिळतंय!"

मी त्याच्या जबड्यावरून बोट फिरवलं. आतलं हाड टणक लागलं.

ती म्हातारी दार कशी चुकली, याचा मी कधी शोध घेतला नाही. संध्याकाळी मी ऑपरेशनच्या संमतीचा कागद मागवला आणि सही केली. आजवर देवाकडे मागणीच करत आलो होतो. त्या वेळी पहिल्यांदा मनात एवढंच म्हटलं, तू ठेवशील तसा राहीन, पण माझ्याकडून कसूर होणार नाही.

या वेळी हाड लागलं. तरी तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. दातांत लाकडी पट्ट्या सरकवून रोज चार वेळा ताण द्यायचा, आठवड्याला एक पट्टी वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं, पण एक दिवस चुकवला नाही. देवावर सोपवणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मला त्या पट्ट्यांनी शिकवलं.

सातव्या महिन्यात दुधात कुस्करलेली भाकरी डावीकडच्या दातांनी चावून खाल्ली. पाऊण तास लागला. बायको समोर बसून होती. ताट रिकामं झालं तेव्हा मी त्या ताटालाच हात जोडले, आणि तिनं विचारलं, "अजून वाढू?"