एका दुपट्ट्यात बांधलेलं कमळ आणि कुमुद

मला जन्म देणारी आई मी रांगत होते तेव्हाच गेली. वाढवलं ते तिच्या थोरल्या जावेनं, तिलाच मी माय म्हणते. मोहाडीच्या बाजारात बायका तिला म्हणत, "पोरगी अगदी तुह्यावरच गेली व!" आणि माय नुसती फुलायची. पण माझं लग्न ठरलं, आईची सख्खी बहीण येणार असं कळलं, आणि मायचं बोलणंच आटलं. मांडवात आईच्या जागी कोण बसणार, हे तिला विचारवत नव्हतं.

तेव्हा मी भंडाऱ्याच्या कॉलेजात परागकणांवर काम करत होते. मायला सांगितलं होतं, आपल्या बोडीतलं, शेतातल्या त्या लहान तळ्यातलं, एक कमळ आण, एक कुमुद आण, वेगवेगळ्या कागदांत. ही बाई दोन्ही फुलं एकाच दुपट्ट्यात करकचून बांधून हजर!

"अव माये, एका गाठीत कायले बांधली? सारी माती केली ना!"

"एकाच बोडीतली तं हायेत. एका घरची."

चरफडतच काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि डोळा लावला. मिसळलेले कण शेजारीशेजारी पडले होते. कमळाच्या कणाला तीन खाचा, कुमुदाच्या कणाला गोल फिरलेली एकच. पिठाहून बारीक कण, आणि त्यावर हे कोरीवकाम! पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं आणि अंगावर काटा आला. पूर्वी या दोघांना एकाच कुळात धरत. कमळाचं जवळचं नातं निघालं कोणाशी, तर काश्मिरातल्या चिनाराशी, त्याच्याही कणाला तीनच खाचा. आमच्या चिखलातलं फूल आणि बर्फातलं ते अवाढव्य झाड, बापरे!

मायला दाखवलं, सगळं सांगितलं. डोळा न काढता ती म्हणाली, "म्हंजे हे दोघं एकमेकाचे कोनीच नाईत?"

"नाईत."

"मंग सारखे काहून दिसतेत?"

"एकाच पाण्यात वाढले म्हनून."

तिनं मान वर केली. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तिच्यासमोरच मी फोन लावला. "मावशी, लग्नाला नक्की ये. आईच्या जागी माय बसणार आहे."

माय पदरानं नाक पुसत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या खेपेले कागदात आनतो व."

"कागदात कायले? एकाच दुपट्ट्यात आन."