बाबांचं डेमॉन्स्ट्रेशन

मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी वर्धा स्टेशनवर गाडी यायला वेळ होता, तर बाबांनी फलाटावरच माझी बॅग उघडली आणि कपडे गुंडाळून कसे भरायचे ते करून दाखवायला लागले. लोक बघत होते, मी लाजेनं अर्धमेली. बाबांना कुठली लाज? मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात ते डेमॉन्स्ट्रेटर होते. टेबलावरच्या मृतदेहातली एकेक नस सोडवून पोरांना दाखवण्यात त्यांची हयात गेली. "पाह्य, नुसतं सांगून समजत नाई, दाखवा लागते," म्हणत त्यांनी चेन ओढली.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, इथे लीड्समध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे मीही दिवसभर करूनच दाखवते. 'डेमॉन्स्ट्रेट' हा शब्द इथे मोर्च्यालाही चालतो आणि दुकानात मिक्सर चालवून दाखवणाऱ्यालाही. त्याचं मूळ मला एका म्हाताऱ्या पेशंट बाईंनी सांगितलं, गुडघ्याचा व्यायाम करता करता. बाईंनी आयुष्यभर लॅटिन शिकवलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ दाखवणं. पण त्याच्याही मागे एक शब्द आहे, देवांनी दाखवलेली अशुभ खूण या अर्थाचा. 'मॉन्स्टर' त्याच्यातूनच आला. आणि सगळ्याच्या तळाशी आहे सावध करणं. बाई मजेत सांगत होत्या, माझ्या अंगावर काटा आला.

बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते आधी खूप हसले. "बरं झालं तूनं विषय काढला," मग ते म्हणाले. "मी मेलो की मले जाळू नका. माह्याच टेबलावर द्या."

आईने फोन हिसकावून घेतला. मी नाही म्हणावं, ते माझंच ऐकतील, असं तिचं म्हणणं. मी भांडले, रडले आणि शेवटी हो म्हटलं. त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

मागच्या वर्षी बाबा गेले. मी पोचले तोवर कॉलेजची गाडी त्यांना घेऊन गेली होती. ना राख, ना अस्थी. घरात नुसता दिवा.

आता इथे सकाळी मला जाग येते तेव्हा तिकडे प्रॅक्टिकल चालू असतं. कोणीतरी नवा पोरगा त्यांचा हात उचलून दाखवत असणार. नेमका तेव्हा माझा उजवा हात गार पडलेला असतो. आणि हल्ली पेशंटचं मनगट मी खालून दोन बोटं, वरून अंगठा असं धरते. ही बाबांची पकड. मला ती कोणीच शिकवलेली नाही. मला भीती वाटते, आणि हात तसाच राहावा असंही वाटतं.

दिवाळीला घरी गेले होते. आई संत्रं सोलत बसली होती. आठवड्यातून एकदा ती ऑटोनं त्या कॉलेजवरून जाते, गेटपाशी ऑटो हळू करायला लावते, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. संत्र्याची फोड माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "मीबी कॉलेजात नाव देऊन आली. आता तू हो म्हण."

मी म्हटलं, "मंग मी घरी म्हणून येऊ कुठं?"

"तिथंच येजो," आई म्हणाली. "आमी दोघंबी असू नं."

मी हो म्हटलं. इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं, की मी वर्धा सांगते. कुठली इमारत, ते सांगत नाही.