अमेरिकेत बदलीवर

आमच्या बोळातून दोघं जण अमेरिकेला शिकायला गेले. एक आमचे हे, आणि दुसरा समोरच्या नरसम्माक्कांचा श्रीनिवास. ते तिकडं पुस्तकं वाचतात आणि इकडं आमच्याकडं गोष्टी साठत जातात. पत्र पंधरा दिवसांनी येतं, गोष्ट मात्र रोज एक तयार होते! मी सातवी शिकलेली, मला नटवून सांगता येत नाही. पण छबीला थोपटताना एकेक आठवतं आणि मी एकटीच हसते. सासूबाई म्हणतात, "येडी झालीस काय गं शालन?"

हसू नको तर काय करू? हे गेले तेव्हा छबी नुकती पालथी पडत होती. आता ती जिना चढते. ह्यांचं ठरलेलं असं, की आधी एम.एस. करायचं. मग वर्ष-दीड वर्ष नोकरी करायची परवानगी मिळते. तेवढ्यात एखाद्या कंपनीनं कागद केले, की कायमचं राहता येतं. आणि मग आम्हा दोघींना बोलवायचं. त्या ‘मग’ला माझा जीव टांगलेला.

*

ह्यांची पत्रं निळ्या कागदाची. एकच कागद घडी घालून तिन्ही बाजूंनी चिकटवलेला. तो पात्यानं सावकाश कापायचा असतो. एकदा पत्र आलं तेव्हा मी नळावर होते. सासूबाईंना दम निघेना. त्यांनी टर्रकन फाडलं!

नेमकी मधली ओळ गेली. राहिलं एवढंच: ‘पुढच्या जूनच्या आत तुम्हा दोघींना...’ पुढचा तुकडा छबीच्या तोंडात. बोट घालून काढला तर नुसता लगदा!

मामंजी म्हणाले, "बोलावतोय. दुसरं काय असंल?"

सासूबाई म्हणाल्या, "लुगडी धाडत असंल."

मी पत्रानं विचारलं. उत्तर यायला महिना लागला. तोवर मी ट्रंक उतरवली, धुतली, उन्हात ठेवली, परत वर ठेवली, परत उतरवली. मग उत्तर आलं: ‘देवीची लस टोचून घ्या, असं लिहिलं होतं.’

दुसऱ्याच दिवशी गेले. छबीला टोचून झालं, मग मी दोन्ही दंड पुढं केले. नर्स म्हणाली, "बाई, एकच पुरते."

म्हटलं, "असू द्या, दोन टोचा!"

*

आपल्याकडं दुपार असते तेव्हा तिकडं माणसं गाढ झोपेत असतात, हे मामंजींनी सासूबाईंना समजावलं आणि आमच्या घरावर संकट आलं. बारा वाजले की सासूबाई कुणाला भांडं वाजवू देईनात. छबी रडली की म्हणायच्या, "गप गं, बाप निजलाय तुजा!"

एके दिवशी तर समोर जाऊन नरसम्माक्कांना म्हणाल्या, "अक्का, दुपारचा माग बंद ठेवा की वो जरा. पोरगं झोपलंय माजं."

नरसम्माक्कांचा हात काही थांबला नाही. खटाक-खटाक चालूच.

"माजा पोरगा बी तितंच झोपलाय," त्या म्हणाल्या. "त्याला मागाच्या आवाजाबिगर झोप येत न्हाय!"

*

ह्यांनी बर्फात उभं राहून फोटो पाठवला. मोठा कोट, कानटोपी आणि दोन्ही हात खिशात. बोळभर फोटो फिरला. सासूबाईंनी तो खिडकीशी नेऊन बघितला आणि एकदम खाली बसल्या.

"हात कुटं हायत पोराचे?"

"खिशात आहेत हो," मी म्हटलं.

"तुला काय म्हाईत? थंडीनं बोटं झडत्यात म्हणं तितं. म्हणून लपवलीत त्यानं!"

खरं सांगते, मीही मग फोटोत खिशाचा फुगवटा बघत बसले. शेवटी लिहिलं, ‘आईंना दहाही बोटं बघायचीत, तसा फोटो पाठवा.’

पाठवला. दोन्ही हात डोक्याच्या वर, बोटं फाकवलेली. सासूबाईंनी मोजली. दहा भरली. लगेच साखर वाटली.

साखर घ्यायला कोपऱ्यावरच्या किराणावाल्या गंगव्वा आल्या होत्या. त्यांनी फोटो उलटसुलट बघितला आणि हळूच मला विचारलं, "का वो, पोलिसांनी धरलंय का काय?"

*

एम.एस. झालं. नोकरी लागली, पण परवानगीपुरतीच. पत्र वाचून मला काही कळेना. हे तिथले आहेत की नाहीत? राहणार की परत पाठवणार? मी मामंजींना विचारलं. मामंजींची सगळी हयात मिलमध्ये गेली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सोपं हाय. पोरगं बदलीवर हाय."

मिलमध्ये बदलीवाले रोज सकाळी गेटवर उभे राहतात. कायमचा माणूस आला नाही, की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या जागी एकाला आत घेतो. अशी वर्षं काढली, की कधीतरी नाव लागतं.

"मी बी सहा वर्सं गेटवर हुबा ऱ्हायलो," मामंजी म्हणाले. "जॉबरला धरून ऱ्हावं लागतं. त्याला लिही, सायबाला काय तरी खायला दे."

मग काय, आम्ही शेंगाची चटणी कुटली. सासूबाईंनी साहेबासाठी म्हणून जास्तीचं तिखट घातलं, "मोटा माणूस हाय, फिकं कसं द्यायचं?" आमच्याच गावातल्या सात रस्त्याजवळच्या एका घरचा मुलगा तिकडं निघाला होता, त्याच्या हाती डबा दिला.

महिन्याभरानं पत्र आलं. साहेबांनी चटणी भाताबरोबर नाही, पावाबरोबर नाही, नुसती चमच्यानं खाल्ली. दोन चमचे! डोळे पुसत ‘व्हेरी गुड’ म्हणाले आणि तीन दिवस कामावर आले नाहीत.

मी कपाळाला हात लावला. झालं, गेली नोकरी!

मामंजी मात्र खूश. मांडीवर थाप मारून म्हणाले, "तीन दिस? मंग जागा मोकळी झाली की!"

*

शेवटी बोलावणं आलं. ह्यांचे कायमचे कागद अजून व्हायचे होते, पण तोवर आम्हा दोघींना तात्पुरतं येता येईल, असं. त्याआधी मुंबईला व्हिसाच्या साहेबापुढं उभं राहायचं. ह्यांनी लिहिलं, ‘परत येणार का, हा एकच प्रश्न नक्की विचारतील. न अडखळता येस सर म्हण. अडखळलीस तर शिक्का नाही.’

मग रोज संध्याकाळी तालीम. मामंजी कोट घालून खुर्चीवर बसायचे. मी छबीला कडेवर घेऊन पुढं उभी. नरसम्माक्का आणि गंगव्वा बघायला.

"नाव?"

"शालन."

"इंडियाला परत येणार?"

"येस सर!"

पहिल्या दिवशी घाम फुटला. चौथ्या दिवशी जमलं. पंधरा दिवसांनी तर झोपेतून उठवलं असतं तरी येस सर म्हटलं असतं! मामंजी मुद्दाम दरडावायचे, टेबलावर हात आपटायचे, पण मी काही अडखळले नाही. नरसम्माक्का म्हणाल्या, "पोरीला आता साक्षात यमानं विचारलं तरी घाबरणार न्हाय!"

ह्या तालमीत सासूबाई कधी आल्या नाहीत. त्या आपल्या आत तांदूळ निवडत बसायच्या.

मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी मामंजी तिकिटं आणायला स्टेशनवर गेले होते. नरसम्माक्का नेहमीसारख्या बघायला आल्या, पण खुर्ची रिकामी होती. सासूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसले. खुर्चीवर बसल्या. मामंजींसारखं दरडावलं नाही, टेबलावर हात आपटला नाही. माझ्याकडं बघून हळू विचारलं,

"परत येनार?"

मी तोंड उघडलं. ‘ये...’ म्हटलं आणि अडखळले.

कडेवरची छबी ओरडली, "येश शल!"

नरसम्माक्का हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी छबीच्या गालाला हात लावला.

"ही पास झाली," त्या म्हणाल्या. "आता तू बोल."