शामलाबाईची बंडी आणि पुलाचं फाटक

कामठीच्या पलीकडच्या एका गावात शामलाबाईचं घर नाल्याच्या अलीकडे आणि वांग्याचं वावर पलीकडे. मध्ये जुना दगडी पूल, गोंड राजांच्या काळातला म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हापासून तिची बैलांची बंडी त्यावरूनच जायची. पुढे नवरा रुपराव लकव्याने एका अंगाने लुळा पडला, तरी ती त्याला बंडीत बसवून रोज वावरात न्यायची. बांधावर बसून तो मजुरांवर ओरडायचा आणि घरी आल्यावर पोटभर जेवायचा.

मग पुरातत्त्व खात्याने पूल संरक्षित केला. दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं बसली, पायी जाणाऱ्यापुरती फट उरली. गावाने शेजारी नवा पूल मागितला, तर खात्याचा साहेब म्हणाला, या हद्दीत बांधकाम चालत नाही. मोठ्या रस्त्याने वळसा घ्यावा, तर कोळशाच्या ट्रकांना बैल बुजायचे. शामलाबाई टोपल्या डोक्यावरून आणू लागली. रुपराव घरीच पडून राहिला, जेवण तुटलं.

दिवाळीनंतर एका सकाळी फाटकं सताड उघडी दिसली. नागपूरचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं, झेंडूने सजवलेल्या बंडीतून. पहाऱ्यावर तिचा चुलतदीर अंकुश होता.

"त्यायची बंडी चालते, मंग माही काहून नाही?"

"त्यायच्यापाशी परवानगी आहे, वहिनी. माह्या हातात काय आहे?"

ती घरी गेली, बैल जुंपले, रुपरावला गादीवर बसवलं आणि बंडी थेट पुलावर घातली. फोटोवाला खूश झाला. "मावशी, तशाच थांबा, छान दिसतंय."

"फोटो मंग काढजो. आधी रस्ता दे."

सजवलेली बंडी मागे सरली. वावरात पोचताच रुपरावने एक वांगं हातात घेतलं. "कीड लागली वं. फवारलं काहून नाही?" त्या दुपारी कुरकुरत त्याने डबा संपवला.

कोणीतरी त्या भांडणाचा व्हिडिओ फिरवला. वरून हुकूम आला: फोटोवालेही बंद, किल्ली साहेबाकडे. गिऱ्हाईक तुटलं म्हणून पुलाजवळचा चहावाला तिच्याशी बोलेनासा झाला. अंकुशला वाईट वाटलं. "दादाले मी पाठीवर नेतो," तो म्हणाला.

"मी काय कापसाचं पोतं आहो?" रुपरावने तोंड फिरवलं.

आता तो नाल्याकाठी खाटेवर बसतो आणि पलीकडे ओरडून कामं सांगतो. जीभ जड, वारा उलटा. "काय म्हणता?" ती विचारते. तो पुन्हा ओरडतो. तिला तेही कळत नाही, आणि ती खुरपं आपटत खाली वाकते.