बद्द आवाजाची पायरी

माझे सासरे शेषराव दगड निवडत. सरकारी बांधकामाला लागणारा काळा दगड चांदूर रेल्वेच्या बाजूच्या एका खदानीतून यायचा, आणि तिथे ते मुकादम होते. कोणता दगड पुलाला जाईल, कोणता शाळेच्या जोत्याला आणि कोणत्याची गिट्टी होईल, हे तेच ठरवत. दगड दोन टेकूंवर ठेवायचा, हातोडीने ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत चीर आहे. तरीही शंका राहिलीच, तर वरून बादलीभर पाणी ओतून बिडी ओढत बसायचं. बाकीचा दगड वाळतो, चिरेची रेघ तेवढी ओली राहते.

इथवर ठीक. पण या माणसाला ठोकण्याचा नादच लागला होता. टरबूज ठोकून घ्यावं, माठ ठोकून घ्यावा, हे समजू शकतं. हे दवाखान्यात गेले, तर डॉक्टरने यांना तपासायच्या आत यांनी दवाखान्याची भिंत तपासलेली असे. कोटाच्या खिशात लहान हातोडी कायम. तिच्या वजनाने कोट एका बाजूला लोंबायचा आणि माणूस तिरका चाललाय असं वाटायचं.

मुलगी सत्यवती लग्नाची झाली, तेव्हा या नादाने घरादाराला घोर लावला. बडनेऱ्याचं स्थळ नाकारलं, कारण त्यांच्या जोत्याचा दगड पाणी पितो. मूर्तिजापूरचं नाकारलं, कारण ओट्याच्या दगडात पांढरे डोळे, म्हणजे ठिपके. मुलगा कसा आहे, हे विचारायचं दोन्हीकडे राहूनच गेलं. सासूबाई जयवंताबाई कपाळाला हात लावून बसल्या.

एकसष्ट साली पाळी आमची आली. मी अकोल्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. सत्यवतीला पाहायला गेलो, तेव्हा तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तुमी रागीट हाय का?" मी ताडकन "नाही!" म्हणालो, आणि ते रागानेच म्हणालो. तिने पदराआड हसू दाबलं. माझं तिथेच ठरलं. आता तिच्या वडलांनी आमचं घर पाहून जायचं, एवढंच उरलं होतं.

माझे वडील किसनराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. त्यांनी नुकतंच घर बांधलं होतं आणि दाराशी एकाच लांबलचक काळ्या दगडाची पायरी बसवली होती. गल्लीतल्या प्रत्येकाला ती दाखवून झाली होती. मला त्या पायरीची धास्ती वाटत होती.

शेषराव जयवंताबाईंना घेऊन आले, जयभीम झाला. कोट सरळ होता. हातोडी बाईंनी निघतानाच काढून घेतली होती. चहा झाला, पान झालं, मी सुटकेचा निःश्वास टाकला. पानाची पिंक टाकायला म्हणून ते बाहेर गेले आणि टक टक ऐकू आलं. हातात आमचाच अडकित्ता होता.

"हा दगड कोनं निवडला?"

"म्या," वडील छाती काढून म्हणाले.

"मेलेला हाय. आवाज बद्द हाय पाहा. आतून चीर हाय याले."

"तुमी पोराले पाहाले आले का पायरीले?"

"पोरगं याच पायरीवरून चढते ना?"

माझी सहनशक्ती संपली. मी घरातून लोखंडी सब्बल आणली आणि म्हणालो, "आताच्या आता काढून पाहू." वडील आधी "माही नवी पायरी!" म्हणून ओरडले. मग त्यांचाही इगो उभा राहिला आणि तेही सब्बलीला भिडले. गल्ली गोळा झाली. पायरी निघाली, तशी खाली भुसभुशीत माती दिसली.

शेषरावांचा चेहरा पडला. मातीत बसवलेला दगड कधीच वाजत नाही, हे खदानीवरचं गाढवही सांगेल. रोज टेकूंवर दगड ठेवून ठोकणारा हा माणूस नेमका ते विसरला होता. त्यांनी गुपचूप पायरी दोन विटांवर ठेवायला लावली आणि अडकित्ता मारला. असा खणखणीत आवाज निघाला की पलीकडच्या गल्लीतून लोक आले. मग पाणी ओतलं. सगळी बिडी संपेपर्यंत एक रेघ दिसली नाही.

"बोला," वडील म्हणाले.

"दगड चोख हाय. चूक माही," शेषराव म्हणाले. मग त्याच दगडावर मटकन बसले आणि भर गल्लीत रडायला लागले. "आता कोनती खोट काढू? सत्यवती गेल्यावर घरात माह्याशी बोलनार कोन हाय?"

"मी का मेली काय?" जयवंताबाई म्हणाल्या.

अख्खी गल्ली हसली. रडता रडता तेही हसले. माझा राग कुठल्या कुठे गेला. बडनेरा आणि मूर्तिजापूरच्या दगडांतही बहुधा काही खोट नव्हती, हे मला तेव्हा कळलं, आणि या तिरक्या माणसाची मला फार माया आली. लग्न तिथेच ठरलं.

पायरी परत बसवून देईन तर मीच, असा शेषरावांनी हट्ट धरला. अर्ध्या दिवसाचं काम. त्यांनी आमच्याकडेच मुक्काम टाकून ते आठवडाभर पुरवलं. खालची माती उकरली, मुरूम धुमसाने ठोकून बसवला, चुना मळला, सगळं पुन्हा उकरलं. मी ऑफिसातून आलो की मला शेजारी बसवून घेत आणि सत्यवतीबद्दल सांगत. शेवटच्या दिवशी पायरी पक्की बसली. हात धुता धुता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "दगड ठोकला का सांगते, आत काय हाय ते. सत्यवती सांगनार नाही. तुले इचारा लागीन."